डुक्कर फियाटला पोळ्याचं आवतण

साबण लागला की हळद लाल होते, हे पन्नाशी गाठलेल्या नवऱ्याला ठाऊक नसावं याचं दुर्गेश्वरीला मुळीच नवल वाटलं नाही. जन्मात कधी स्वतःचा सदरा धुतला असेल तर ना! पोळ्याच्या सकाळी गुरांच्या कोठ्यातून "अवं माय वं, मेलो वं!" अशी आरोळी आली, तेव्हा ती चुलीवरून पुरणाचं पातेलं उतरवत होती. साप निघाला असेल म्हणून हातात झारा घेऊनच धावली. साप नव्हता. उमेंद्र गाडीसमोर उकिडवा बसला होता, कोपरापर्यंत फेस, आणि सायीच्या रंगाच्या गाडीवर बॉनेटच्या दोन्ही अंगांना लालभडक पट्टे.

"साबण कायले लावला?" दुर्गेश्वरीने विचारलं.

"पिवळं होतं ना! पिवळं काढाले गेलो तं लाल झालं!"

"अन् पिवळं कोणं केलं?"

"मी केलं," कोठ्याच्या दारात बाजेवर बसलेल्या तिच्या सासूबाई, सुलोचनाबाई, म्हणाल्या. ऐंशी वर्षांच्या त्या बाईच्या आवाजात अपराधाचा लवलेश नव्हता. "खांद शेकली. पोळ्याच्या आदल्या रोजी खांद नाही शेकायची तं का दिवाळीले शेकायची?"

बरोबरच होतं त्यांचं. लग्न होऊन केशोरीत आल्यापासून दरवर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्या बैलांच्या खांद्यांना ऊन पाणी लावत, पळसाच्या पानाने हळद-लोणी चोळत आणि कानाशी तोंड नेऊन म्हणत, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. मग घरात ट्रॅक्टर आला आणि शेवटची जोडी गेली. तेव्हापासून म्हातारी पोळ्याला रिकाम्या दाव्याची पूजा करून गप्प बसायची. यंदा कोठ्यात चार पायांचं काही तरी उभं होतं, म्हणून काल तिने त्याला हळद-लोणी चोळलं आणि आरशाला कान समजून आवतण दिलं.

"माय, सव्वा लाखाचा रंग हाय तो!" उमेंद्र कळवळला. "पेंटर सांगून गेलता, महिनाभर रंग कच्चा राहील, हात बी लावू नका म्हणून!"

"मंग बैलाले सव्वा लाखाचा रंग कायले देला? शिंगाले देला असता तं भागलं असतं."

दुर्गेश्वरीला हसू आलं, पण हसून भागणार नव्हतं. कारण आज दुपारी नागपूरचं गिऱ्हाईक येणार होतं, आणि त्या गाडीत तिचे चार लाख होते.

गाडी म्हणजे सासऱ्यांची, उदारामजींची, डुक्कर फियाट. गोल पाठ, पुढे काढलेलं मुस्काट, म्हणून तिला सगळा मुलूख डुक्करच म्हणायचा. उदारामजी होते तोवर ती चालली. ते गेले आणि ती कोठ्याच्या कोपऱ्यात बसली ती बसलीच. तिच्यावर भाताची तणस रचली गेली, आत कोंबड्यांनी अंडी घातली, उंदरांनी संसार थाटले. आणि तीन वर्षांपूर्वी उमेंद्रने मोबाइलवर पाहिलं की कुठे तरी असलीच एक गाडी अठरा लाखांना गेली. झालं! त्या रात्रीपासून माणूस धानाच्या बांधीत उभा राहून गाडीची स्वप्नं पाहू लागला.

दोन लाखांत काम होईल, असं कोहमाऱ्याचा मिस्त्री म्हणाला होता. मिस्त्री आणि सोयरीक जुळवणारा, या दोघांच्या तोंडचा आकडा कधी खरा धरू नये. तणस काढली तर गाडीचा तळ तणशीबरोबरच निघून आला. इंजिन उघडलं तर जाम. पुढची काच कोइम्बतूरहून मागवली, ती ट्रकमधून उतरवताना फुटली, म्हणून दुसरी मागवली. दिव्यांभोवतीच्या चकचकीत कड्या दोन बकऱ्यांच्या भावाच्या. अर्ध्यात सोडलं तर आधीचे बुडतात, म्हणून पुढचे घालायचे. असं करत करत आकडा नऊ लाख चाळीस हजारांवर जाऊन थांबला, तोही घरात आणखी काही उरलं नाही म्हणून.

त्यातले चार लाख दुर्गेश्वरीचे. अकरा वर्षं दूध घालून आणि चिन्नोर तांदळाच्या पिशव्या विकून तिने ते जमवले होते. तिला लहानशी भातगिरणी टाकायची होती. स्वतःच्या तांदळावर स्वतःचं नाव छापायचं होतं. मुहूर्त ठरला होता, जागा साफ केली होती. उमेंद्रने "दोन महिन्यांसाठी दे, दुप्पट करून देतो" म्हणून ते नेले. त्याला दोन पावसाळे होऊन गेले. त्या साफ केलेल्या जागेत आता तरोटा माजला होता, आणि तिकडे पाहिलं की तिचा जीव जळायचा. भांडून झालं, अबोला धरून झाला. आता एकच उरलं होतं, आज गाडी विकली गेली पाहिजे.

"उन्हात काढा तिले," ती म्हणाली. "हळद उन्हाले भिते. डाग उतरन."

गाडी ढकलत अंगणात आणली. ऊन ढगाआडून येत-जात होतं. सुलोचनाबाईंनी मागून बजावलं, "ढकला, पण झूल घाला आधी. पोळ्याचा बैल उघडा नाही राहत."

---

दहाच्या सुमाराला गोंदियाहून थोरले धर्मेंद्र आले. त्यांचं तिथे हार्डवेअरचं दुकान. बोलणं निम्मं हिंदी आणि नजर कायम तराजूच्या काट्यावर. त्यांच्या मागोमाग नवेगाव बांधची नणंद शामकला आली. गेल्या चार पोळ्यांना या दोघांपैकी कोणी फिरकलं नव्हतं. यंदा दोघांनाही आईची आठवण आली.

"वा! बाबूजींची गाडी!" धर्मेंद्रनी बॉनेटवर हात ठेवला. "क्या शान है! मले तं रडूच येऊन राहिलं."

दुर्गेश्वरीने पदर पुढे ओढला. या घरात सून भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, समोरासमोर बोलत नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण आजवर एक शब्द सरळ गेला नव्हता. सांगायचं असेल ते सासूला सांगायचं, सासू नसली तर दाराला, मांजरीला, जे समोर असेल त्याला. भासऱ्यांनी ऐकून घ्यायचं आणि त्यांनीही दारालाच उत्तर द्यायचं.

"आत्याबाई," ती सासूकडे वळून म्हणाली, "भासऱ्याइले विचारा, काच फुटली तवा ह्यायनं फोन केलता. तवा ते म्हणाले होते, तुझं डुकर तूच सांभाळ. आज बाबूजींची कशी झाली?"

धर्मेंद्रनी खाकरून खांबाकडे पाहिलं. "माय, उमेंद्रच्या घरच्यांना सांग, सीधी बात हाय. गाडीच्या कागदावर नाव कोणाचं? बाबूजींचं. वारस कोण? आम्ही तिघं अन् तू. आमच्या सह्या झाल्याबिगर गाडी हलत नाही."

"मी बी तेच म्हणून राहिली," शामकलाने लगेच दादाची बाजू धरली. "मी लहानपणी याच गाडीत ओकलेली आहे. माह्याबी हक्क हाय."

उमेंद्र काकुळतीला आला. "दादा, नऊ लाख चाळीस लागले माहे. ते तं आधी काढू दे."

"तुले खर्च करायले कोणं सांगितलं होतं?"

"आत्याबाई," दुर्गेश्वरी म्हणाली, "नफा वाटायचा अन् खर्च नाही, हा कुठला हिसाब?"

शामकला क्षणभर विचारात पडली. वहिनीने मागच्या वर्षी तिला पोतंभर चिन्नोर पाठवला होता, आणि दादाने राखीला पाचशेची एक नोट. ती हळूच सरकून दुर्गेश्वरीच्या बाजूला उभी राहिली. "वहिनीचंबी खरं हाय, दादा. खर्च तं काढाले पाह्यजे."

"तू किधर है, पहिले ते सांग!" धर्मेंद्र चिडले. बहीण फुटते आहे हे पाहून त्यांनी दुकानदाराचा शेवटचा डाव टाकला आणि छातीवर हात ठेवला. "ठीक. मी मोठा हाय, मोठ्या मनाचा हाय. खर्च धरा, विक्री धरा. जे निघन ते तिघांत सारखं. नफा असो का तोटा, बाबूजींची शपथ!"

फोनवर बारा लाखांची बोलणी झाली होती, म्हणून शपथ घ्यायला त्यांना जड गेलं नाही. शामकला टुणकन उडी मारून परत दादाच्या बाजूला गेली.

---

नागपूरचा हिमांशू जेमतेम तिशीचा होता. जुन्या गाड्या घेऊन शौकिनांना विकायचा त्याचा धंदा. त्याने झूल बाजूला केली, हळदीचे लाल पट्टे पाहिले, आणि विचारलं, "हे काय?"

"खांद शेकली," सुलोचनाबाई म्हणाल्या. हिमांशूला ते कळलं नाही, पण त्याने मान डोलावली. मग खिशातून फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढून दारावर लावलं. ते खाली पडलं. दुसऱ्या दारावर लावलं. तिथूनही पडलं.

"काका, हे दार नाही. ही नुसती लांबी आहे, पुट्टी भरलेली, वरून रंग दिलेला."

"मिस्त्री म्हणे पत्रा सडला होता," उमेंद्र पुटपुटला.

हिमांशूने दार उघडलं आणि तो तसाच उभा राहिला. आत लाल रेक्झिनच्या गाद्या होत्या आणि त्यांवर सोनेरी दोऱ्यात "उ. का." भरलं होतं, म्हणजे उमेंद्र कापगते. समोर भलामोठा टीव्हीसारखा पडदा होता. उमेंद्रने मोठ्या हौसेने किल्ली फिरवली. गाडीच्या पोटाखालून निळा-जांभळा उजेड पडला आणि सनईचा आवाज आला.

"जुने मीटर कुठं आहेत?" हिमांशूने विचारलं.

"भंगारात देले. काटे फिरत नव्हते."

"जुने दिवे?"

"पिवळे पडले होते, साहेब! आता पाहा, एलईडी हाय. पार इटियाडोहच्या धरणावर उजेड पडन."

"आणि स्टेअरिंग?"

"ते हाय ना!" उमेंद्रचा चेहरा उजळला. "माहा भाचा त्याले कुंडीखाली ठेवते."

हिमांशू बाजेवर बसला. सुलोचनाबाईंनी त्याला पाणी दिलं, माणसाला भोवळ येते तेव्हा देतात तसं.

"काका," तो शेवटी म्हणाला, "आमच्या धंद्यात लोक जुनेपणाचे पैसे देतात. तुम्ही पैसे देऊन जुनेपण काढून टाकलं. तणशीखाली होती तसा फोटो पाठवला असता, तर मी पाच लाख देऊन उचलली असती. आता तीन. त्याच्यावर कोणी दिले, तर त्याला देऊन टाका."

गाडीतली सनई वाजतच राहिली, कारण ती कशी बंद करायची हे उमेंद्रला ठाऊक नव्हतं.

दुर्गेश्वरीला आधी राग आला नाही. आधी तिला गिरणीचा पट्टा फिरताना दिसला, मग तो थांबला, मग डोळ्यांत पाणी आलं. राग त्याच्यानंतर आला. अकरा वर्षांची सकाळ-संध्याकाळची धार या माणसाने निळ्या उजेडात घातली! तिने उमेंद्रकडे पाहिलं. तो गाडीला टेकून उभा होता. त्याच्या पाठीला गाडीचा कच्चा रंग लागला होता, तेही त्याला कळलं नव्हतं. मारावं की जवळ घ्यावं, तिला सुचेना.

"तीन तं तीन," धर्मेंद्र सावरून म्हणाले. "एक-एक लाख आलं तरी..."

"आत्याबाई," दुर्गेश्वरी डोळे पुसत म्हणाली, "भासऱ्याइले आठवण करून द्या. खर्च नऊ चाळीस, विक्री तीन. तोटा सहा लाख चाळीस हजार. नफा असो का तोटा, तिघांत सारखं. बाबूजींची शपथ."

धर्मेंद्रनी मनातल्या मनात भागाकार केला. दोन लाख तेरा हजार. त्यांचा चेहरा पडला. शामकलाने पिशवी उचलून "माही बस," असं सुरू केलं.

पण सुलोचनाबाई उठल्या. "कोणी कुठं जात नाही अन् गाडीबी जात नाही. मी तिले आवतन देलं हाय. पोळ्याच्या दिवशी बैल कोणी जुपत नाही, कोणी इकत नाही. आधी ती जेवन, मंग तुमी जेवा, मंग उद्या पाहा." आणि त्यांनी एक पुरणपोळी, वर तुपाची धार सोडून, सव्वा लाखाच्या रंगावर ठेवली. उमेंद्र यावेळी ओरडलाही नाही.

---

पाहुणा म्हणून हिमांशूचं पान आधी वाढलं. अंगणात भाऊ-बहीण खांबामागे कुजबुजत होते. तोट्याचा हिस्सा कसा टाळायचा याखेरीज त्यांच्याकडे दुसरा विषय नव्हता. उमेंद्र गाडीजवळच बसून राहिला होता.

हिमांशू तिसऱ्या पोळीवर आला तेव्हा त्याला यजमानीणबाईंची दया आली. "काकू, एक सांगू? शौकीन लोकांना ही गाडी नको आहे. पण नागपुरात नवरदेवाला मिरवायला अशा गाड्या भाड्याने जातात. एका लग्नाचे पंधरा हजार. तिथं कोणी लोहचुंबक लावून पाहत नाही. उजेड पडला पाहिजे, गाणं वाजलं पाहिजे, फोटो निघाला पाहिजे. तुमच्याकडे ते सगळं आहे. सनई तर थांबतच नाही."

दुर्गेश्वरीच्या हातातलं तुपाचं भांडं तसंच राहिलं. "पंधरा? एका दिवसाचे?"

"सीझनला वीससुद्धा. इकडे तर कोणाकडे असली गाडीच नाही."

गोंदियापासून देसाईगंजपर्यंत लग्नं किती लागतात, याचा हिशेब बायकांना कागदावर करावा लागत नाही. तिने त्याच्या पानात आणखी एक पोळी टाकली. "तुमी सह्यांचे कागद आणले का हो, सोबत?"

"वारसांच्या ना-हरकतीचे? हो. पण कोणाच्या नावावर करायची ती जागा कोरीच आहे. मी गिऱ्हाइकाचं नाव घालणार होतो."

"आता पोटभर जेवा," दुर्गेश्वरी म्हणाली, "अन् पंधरा हजाराचं बाहेर बोलू नका. मागून वाटीभर खीर देईन."

ती कागद घेऊन अंगणात आली. धर्मेंद्र घसा साफ करून खांबाला सांगतच होते, "माय, मी विचार केला. गाडी खरं म्हणजे उमेंद्रचीच हाय. बाबूजी त्याच्याच हातात किल्ली देऊन गेले. आपण कायले मध्ये पडाचं? नफाबी त्याचा, तोटाबी त्याचा."

"मीबी तेच म्हणून राहिली," शामकला म्हणाली.

दुर्गेश्वरीने डोक्यावरचा पदर मागे सारला, अंगणाच्या मधोमध आली आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा भासऱ्यांच्या डोळ्यांत पाहून म्हणाली, "भाऊजी."

सुलोचनाबाईंच्या हातातून तुपाचा चमचा पडला. उमेंद्र उभा राहिला. धर्मेंद्रनी मागे वळून पाहिलं, आपल्या पाठीशी आणखी कोणी उभं आहे की काय म्हणून.

"मी... मले?"

"तुमालेच. गाडीवर तुमचा हक्क नाही ना?"

"ना... नाही."

"तोट्यातबी नाही, नफ्यातबी नाही?"

"नाही म्हटलं ना, बाई!"

"शामकलाताई, तुमचा?"

"मले कायले पाह्यजे वं ते डुकर!"

"मंग इथं सह्या करा."

धर्मेंद्रनी इतक्या झपाट्याने सही केली की कागद फाटायचा राहिला. दोन लाख तेरा हजार वाचले होते. शिवाय भावाची बायको सरळ डोळ्याला डोळा भिडवून उभी होती आणि तिच्यासमोरून त्यांना लवकर सुटायचं होतं. शामकलाने सही केली. सुलोचनाबाईंनी अंगठा दिला आणि अंगठ्याची शाई गाडीलाच पुसली. सगळ्यात शेवटी दुर्गेश्वरीने कागद नवऱ्यापुढे धरला.

"कोऱ्या जागेत माहं नाव घाला, अन् खाली सही करा."

"तुहं?" उमेंद्र म्हणाला.

"माहे चार लाख हायत तिच्यात. गाडी माही. तुमी डायवर. एका लग्नाचे पाचशे देईन."

"लग्न? कोणाचं लग्न?"

हिमांशू हात धुऊन दारात आला होता. खीर खाऊन झाली होती, म्हणून त्याने सांगून टाकलं. पंधरा हजारही सांगितले, वीसही सांगितले. उमेंद्र आ वासून ऐकत राहिला, आणि मग तिचं नाव घालून, सही करून, किती तरी दिवसांनी हसला. "म्हणजे दिवे वाया नाही गेले?"

"दिवे नाही गेले," दुर्गेश्वरी म्हणाली. "तुमची अक्कल गेली ते गेलीच. पहिले माही गिरणी उभी राहीन, मंग बाकीचं." पण तिने त्याच्या पाठीवरचा रंग पदराने पुसला.

धर्मेंद्र खाली बसले. त्यांची मुलगी हर्षा, तिचं लग्न येत्या वैशाखात गोंदियाला ठरलेलं. त्यांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा गाडीकडे. उन्हाने लाल पट्टे उतरून पुन्हा पिवळे झाले होते. हळद लागलेल्या नवरदेवासारखं डुक्कर अंगणात उभं होतं, तोंडापुढे पुरणपोळी, पोटाखाली निळा उजेड.

"चला, एक बरं झालं," ते शक्य तितक्या मोकळेपणाने हसत थेट तिलाच म्हणाले. "हर्षाच्या लग्नाले आता गाडीची चिंता नाही. आपली घरचीच हाय. बाबूजींची गाडी, नातीले फुकट!"

दुर्गेश्वरीने पदर डोक्यावर घेतला, कपाळाच्या खालपर्यंत ओढला आणि सासूकडे तोंड वळवलं.

"आत्याबाई," ती अदबीने म्हणाली, "भासऱ्याइले सांगा, घरच्या माणसाले पंधरा नाही घेणार. बारा."